जॉन ॲडम्स : अमेरिकेंतील स्थितिरक्षक विचाराचा मूळपुरुष



टॉमस पेन हें नांव आपणां मराठी लोकांस परकें नाहीं. जोतीराव फुले यांनीं तरुणपणीं पेनचा 'मानवाचे हक्क' हा ग्रंथ वाचला आणि त्या वाचनाचा ठसा त्यांच्या मनावर कायमचा उमटला, हें त्यांच्या चरित्रांवरून आपणांस ठाऊक आहे. पुढें १८७३ सालीं 'गुलामगिरी' हें आपलें पुस्तक जोतीरावांनीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील लोकांस अर्पण केलें. गुलामांस दास्यांतून सोडविण्याच्या कामीं त्या लोकांनीं दाखविलेली उदारता हें त्याचें कारण होतें. अमेरिकेचा जो विचार या मार्गानें महाराष्ट्रांत आला तो जुन्या बंधनांवर घाव घालणारा होता, आणि आपल्याकडे घाव घालण्याजोगीं बंधनें पुष्कळ होतीं.

परंतु याच 'मानवाचे हक्क' ग्रंथानें खुद्द अमेरिकेंत दोन जिवलग मित्रांत वितुष्ट आणलें होतें. १७९१ सालीं त्याची अमेरिकन आवृत्ति फिलाडेल्फिया येथें निघाली. तिच्या आरंभीं मुद्रकानें टॉमस जेफर्सनची एक खाजगी चिठ्ठी त्याची परवानगी न घेतां छापून टाकली. आपल्या देशांत अलीकडे जें राजकीय पाखंड माजूं लागलें आहे त्याला या पुस्तकानें उत्तर मिळेल, असा तिचा आशय होता. पाखंडी कोण, हें नांव न घेतांहि सर्वांस कळलें. तो होता त्या वेळचा उपाध्यक्ष जॉन ॲडम्स; जेफर्सनचा पंधरासोळा वर्षांचा स्नेही, आणि १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा करणाऱ्या समितींतील त्याचा सहकारी.

पेनचें नांव आपण ऐकलें. ॲडम्सचें फारसें ऐकलें नाहीं. आज मला त्याच्याविषयींच बोलावयाचें आहे.

स्थितिरक्षक हा शब्द उच्चारतांच आपल्या डोळ्यांपुढें जुनें तें सोनें म्हणणारा, बदलास भिणारा आणि आपल्या वतनास जपणारा मनुष्य उभा राहतो. ॲडम्स तसा नव्हता. राजाविरुद्ध बंड करणाऱ्यांच्या पहिल्या रांगेंत तो होता. फिलाडेल्फियाच्या काँग्रेसमध्यें स्वातंत्र्याच्या ठरावासाठीं त्याच्याइतके हिरीरीनें भांडणारे थोडेच होते. तरीहि १९५३ सालीं रसेल कर्क या लेखकानें स्थितिरक्षक विचाराचा इतिहास लिहिला, तेव्हां अमेरिकेपुरता त्या परंपरेचा मूळपुरुष म्हणून त्यानें ॲडम्सकडे बोट दाखविलें. बंडखोर मनुष्याला हें स्थान कसें मिळालें, आणि त्यानें रक्षण केलें तें नेमकें कशाचें, हे दोन प्रश्न आज आपल्यापुढें आहेत.

पहिलें उत्तर १७७० सालच्या बॉस्टन शहरांत सांपडतें. ॲडम्स हा मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील ब्रेनट्री गांवच्या एका शेतकऱ्याचा मुलगा. बाप शेती करी आणि जोडेहि शिवी. मुलगा हार्वर्ड येथें शिकला, कांहीं काळ शाळामास्तर झाला आणि मग वकील. ५ मार्च १७७० च्या रात्रीं बॉस्टनमध्यें इंग्रज शिपायांच्या एका लहानशा तुकडीला जमावानें वेढलें. बर्फाच्या गोळ्यांचा व काठ्यांचा मारा सुरू झाला. शिपायांनीं गोळ्या झाडल्या. पांच माणसें प्राणास मुकलीं. सारें शहर सूडासाठीं पेटलें. त्या शिपायांचें वकीलपत्र घेण्यास वकील मिळणें कठीण झालें. तें ॲडम्सनें घेतलें. इंग्रज सरकारच्या करांना त्याचा स्वतःचा विरोध होता आणि या कामानें आपली वकिली बुडेल अशी त्याला धास्ती होती. तरी त्यानें खटला मन लावून चालविला. कप्तान प्रेस्टन निर्दोष सुटला. आठ शिपायांपैकीं सहा सुटले. दोघांवर मनुष्यवधाचा गुन्हा शाबीत होऊन त्यांच्या आंगठ्यांवर डाग देण्यांत आले. हा निकाल देणारे पंच त्याच प्रांतांतले होते. राजाचा अन्याय ज्याला सोसवत नव्हता त्याला जमावाचा अन्यायहि सोसवला नाहीं, हें ॲडम्सच्या सर्व राजकारणाचें बीज आहे.

१७७६ च्या जानेवारींत पेनचें 'कॉमन सेन्स' हें छोटेखानी पुस्तक निघालें आणि वणव्यासारखें पसरलें. ॲडम्सला त्याचा आनंद झाला आणि काळजीहि वाटली. पाडण्यांत या गृहस्थाचा हात चांगला आहे, बांधण्यांत तितका नाहीं, असें त्याचें मत पडलें. राजा गेला म्हणजे लोकांनीं निवडलेलें एकच सभागृह राज्यकारभारास पुरेसें आहे, अशी पेनची सूचना होती. लोक स्वतःवरच जुलूम कसा करतील, हा तिच्यामागचा विश्वास. ॲडम्सनें त्याच एप्रिलमध्यें 'राज्यव्यवस्थेविषयीं विचार' अशा अर्थाच्या नांवाची पुस्तिका काढून उत्तर दिलें. एका सभागृहाला एका माणसाचे सारे दोष जडतात. तें लहरी होतें, रागावतें, लोभास पडतें आणि वेळ येतांच आपली मुदतहि वाढवून घेतें. म्हणून सभागृहें दोन असावींत. अंमल करणारा अधिकारी त्यांचा मिंधा नसावा. आणि न्यायाधीशाची वर्तणूक चांगली असेपर्यंत त्याला कोणीं काढूं नये, अशी त्याची मांडणी होती.

या वादाचा निकाल अनुभवानेंच लावला. पेन्सिल्व्हेनियानें त्याच वर्षीं एका सभागृहाची घटना केली आणि चौदा वर्षांनीं, १७९० सालीं, ती बदलून दोन सभागृहें केलीं. ॲडम्सनें मॅसॅच्युसेट्ससाठीं मुख्यतः एकहातीं मसुदा केलेली घटना १७८० सालीं अंमलांत आली. तींत पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, तरी ती आजहि चालू आहे, आणि जगांत अंमलांत असलेल्या लेखी घटनांत ती सर्वांत जुनी मानली जाते. राज्य कायद्याचें असावें, माणसांचें नसावें, हें तत्त्व तींत स्पष्ट शब्दांत नमूद केलेलें आहे.

या रचनेच्या मुळाशीं मनुष्यस्वभावाविषयींचा एक निर्णय होता. १७८५ ते १७८८ पर्यंत ॲडम्स लंडनला अमेरिकेचा राजदूत होता. तेथें बसून त्यानें अमेरिकन घटनांच्या समर्थनार्थ एक त्रिखंडात्मक ग्रंथ लिहिला. ग्रीस, रोम, इटलींतील नगरराज्यें, सगळ्यांचीं दप्तरें त्यानें त्यांत ओतलीं. ग्रंथ विस्कळीत आहे आणि वाचणाऱ्याची कसोटी पाहणारा आहे. परंतु सार सोपें आहे. माणसें हक्कानें समान असलीं तरी धनानें, कुळानें, रूपानें आणि बुद्धीनें समान नसतात. उतारवयांत त्यानें सरदाराची एक चमत्कारिक व्याख्या केली : ज्याला स्वतःच्या मताखेरीज दुसऱ्या कोणाचें एक मत वळवितां येतें तो सरदार, मग त्याला पदवी असो वा नसो. राजे घालवून ही सरदारकी जात नाहीं. ती सावकाराच्या पेढीवर आणि वक्त्याच्या व्यासपीठावर पुन्हां उभी राहते. तिला वरिष्ठ सभागृहांत कोंडावें, म्हणजे ती इतरांस गिळणार नाहीं, असा त्याचा हिशेब होता. लोकांनीं मात्र असा अर्थ घेतला कीं या मनुष्याला अमेरिकेंत सरदार आणावयाचे आहेत. अध्यक्षास भारदस्त किताब असावा असा हट्ट त्यानें उपाध्यक्ष असतांना धरला, त्यानें हा संशय बळावला. त्याच्या गोलमटोल देहावरून विरोधकांनीं त्यालाच 'श्रीमंत गोलाकार महाराज' अशा मासल्याची पदवी बहाल केली!

किताबांचें हें वेड केवळ पोरकट नव्हतें. १७९० सालीं सुरू केलेल्या 'डाव्हिला' या लेखमालेंत त्यानें म्हटलें कीं, दुसऱ्यांनीं आपल्याकडे पाहावें, आपल्याला मोजावें, ही भूक मनुष्याला पोटाच्या भुकेइतकीच लागलेली असते. गरीब मनुष्य निरपराध असतो, तरी लाजतो. कारण भर गर्दींत तो कोणाला दिसतच नाहीं. कोणी त्याला रागें भरत नाहीं, कोणी त्याची निंदाहि करीत नाहीं. ज्या लेखमालेवर जेफर्सननें पाखंडाचा शिक्का मारला तिच्यांतच दारिद्र्याच्या अपमानाविषयीं हें लिहिलेलें आहे.

पण ज्याला इतकें दिसलें त्याला सर्वच दिसलें असें नाहीं. १७७६ च्या मार्चमध्यें त्याची पत्नी ॲबिगेल हिनें त्याला लिहिलें कीं, नवे कायदे कराल तेव्हां बायकांची आठवण ठेवा आणि नवऱ्यांच्या हातीं अनिर्बंध सत्ता देऊं नका. सत्तेवर विसंबूं नये हा ॲडम्सचाच सिद्धांत तिनें घराच्या उंबऱ्याच्या आंत आणला होता. ॲडम्सनें तें हंसण्यावारी नेलें. त्याच वर्षींच्या मे महिन्यांत, मालमत्ता नसलेल्यांस मताचा हक्क द्यावा कीं काय असा प्रश्न निघाला असतां त्यानें इशारा दिला कीं हा बांध एकदां फोडला तर मागण्यांस अंत राहणार नाहीं. बायका मागतील, अल्पवयी मुलें मागतील, कवडीचा धनी नसलेला मनुष्यहि बरोबरीचें मत मागेल. भाकीत खरें ठरलें. परंतु ज्याला त्यानें संकट मानलें तोच पुढें त्याच्या देशाच्या इतिहासाचा भूषणास्पद भाग झाला.

गुलामगिरीच्या बाबतींत त्याचें वर्तन चांगलें होतें, पण धैर्य अपुरें होतें. त्यानें स्वतः जन्मांत एकहि गुलाम बाळगला नाहीं. तरी संघराज्य फुटूं नये म्हणून त्या प्रश्नावर तो बहुधा गप्प राहिला. येथें त्याच्या कायद्यानें मात्र त्याच्यापुढें पाऊल टाकलें. मॅसॅच्युसेट्सच्या घटनेचें पहिलें कलम ॲडम्सच्या मसुद्यांतील शब्द कांहींसे बदलून तेथील घटनापरिषदेनें मंजूर केलें. सर्व माणसें जन्मतः स्वतंत्र व समान आहेत, असें तें कलम सांगतें. १७८३ सालीं क्वॉक वॉकर या गुलाम म्हणून राबविलेल्या माणसाच्या प्रकरणांत मुख्य न्यायाधीश विल्यम कुशिंग यानें या घटनेशीं गुलामगिरी विसंगत असल्याचा अभिप्राय दिला. १७९० च्या खानेसुमारींत मॅसॅच्युसेट्सच्या रकान्यांत गुलामांची संख्या शून्य आहे. स्थितिरक्षकाला लेखी शब्दाचें महत्त्व कां वाटावें, याचें याहून चांगलें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

१७९६ च्या निवडणुकींत ॲडम्सला ७१ मतें पडलीं आणि जेफर्सनला ६८. त्या वेळच्या नियमानें दुसरा आलेला उमेदवार उपाध्यक्ष होई. म्हणून हे दोन दुरावलेले मित्र एकाच सरकारांत येऊन बसले. फ्रान्सशीं समुद्रावर चकमकी सुरू झाल्या होत्या आणि देशांत युद्धाचा ज्वर चढला होता. अशा वेळीं, १७९८ सालीं, ॲडम्सच्या फेडरलिस्ट पक्षानें राजद्रोहाचा कायदा केला. सरकार, काँग्रेस किंवा अध्यक्ष यांची खोटी व द्वेषमूलक निंदा छापणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार डॉलरपर्यंत दंड अशी शिक्षा त्यांत होती. उपाध्यक्षाचा, म्हणजे जेफर्सनचा, उल्लेख मात्र त्यांत नव्हता. त्याची निंदा खुशाल करावी! व्हर्माँटचा प्रतिनिधि मॅथ्यू लायन या कायद्याखालीं तुरुंगांत गेला आणि तुरुंगांत असतांनाच पुन्हां निवडून आला.

हा कायदा ॲडम्सनें मागितला नव्हता, असें त्याचे कैवारी सांगतात. तें खरें आहे. परंतु सही त्याची आहे. सत्ता कोणाच्याहि हातीं मोकळी सोडूं नये असें जन्मभर सांगणारा मनुष्य सत्ता स्वतःच्या हातीं येतांच तो धडा विसरला. त्याच्या सिद्धांतावर याहून कडू भाष्य होऊं शकत नाहीं, आणि त्या सिद्धांताचा याहून बळकट पुरावाहि मिळणार नाहीं. मनुष्यस्वभावाविषयींचें त्याचें मत त्याला स्वतःलाहि लागू पडत होतें.

पण हाच मनुष्य पुढच्याच वर्षीं सांवरला. त्याच्या पक्षांतील अलेक्झांडर हॅमिल्टनच्या गटाला फौज वाढवावयाची होती आणि युद्धाचें वातावरण हवें होतें. १७९९ च्या फेब्रुवारींत ॲडम्सनें आपल्या मंत्र्यांस न विचारतां फ्रान्सकडे वकील पाठविण्याचें जाहीर केलें. ३० सप्टेंबर १८०० रोजीं तह झाला; पण त्याची बातमी समुद्र ओलांडून येईपर्यंत निवडणूक हातची गेली होती. हॅमिल्टननें ऐन वेळीं ॲडम्सविरुद्ध पत्रक काढलें. पक्ष दुभंगला. जेफर्सन व ॲरन बर यांना ७३-७३ मतें पडलीं, ॲडम्सला ६५. दक्षिणेंतील राज्यांस आपल्या गुलामांच्या संख्येचा तीन-पंचमांश भाग धरून मतें मिळत. ज्यांना मत नव्हतें त्यांच्या डोक्यांवर मोजलेलीं हीं मतें वजा केलीं तर ॲडम्स निवडून आला असता, असें कित्येक इतिहासकारांचें मत आहे. हरलेल्या माणसाला रागावण्यास याहून चांगलें निमित्त कोणतें हवें?

४ मार्च १८०१ रोजीं पहांटे चार वाजतां ॲडम्स टपालाच्या घोडागाडींत बसून वॉशिंग्टन सोडून निघाला. दुपारीं जेफर्सनचा शपथविधि व्हावयाचा होता. त्याला तो थांबला नाहीं. तीन महिन्यांपूर्वीं त्याचा मुलगा चार्ल्स वारला होता. पराभव, पुत्रशोक आणि मित्राचा दुरावा, यांपैकीं कोणत्या कारणानें तो गेला हें त्यानें सांगितलें नाहीं. त्याचें तें जाणें शिष्टाचारास सोडून होतें. परंतु त्या गाडीमागें काय राहिलें तें पाहावें. फौज आपल्या जागीं होती. खजिना आणि दप्तर नव्या माणसांच्या हातीं गेलें. तीनपंचमांशाचा नियम अन्यायाचा होता, तरी त्या नियमानें लागलेला निकाल ॲडम्सनें मोडूं पाहिला नाहीं. राजद्रोहाचा कायदा मुदत संपून आदल्याच दिवशीं मेला होता. आणि दुपारीं जेफर्सनला शपथ दिली ती जॉन मार्शल या सरन्यायाधीशानें. ॲडम्सनेंच त्याला जानेवारींत नेमलें होतें. मार्शल १८३५ पर्यंत त्या आसनावर राहिला आणि घटनाविरोधी कायदा न्यायालय रद्द ठरवूं शकतें हें तत्त्व त्यानें १८०३ सालीं प्रस्थापित केलें. एका पक्षाकडून दुसऱ्या, हाडवैरी झालेल्या पक्षाकडे रक्ताचा थेंब न सांडतां सत्ता जाण्याचा अमेरिकेच्या संघराज्यांतील तो पहिलाच प्रसंग.

पुढें अकरा वर्षें त्या दोघांचें बोलणें बंद होतें. अखेर बेंजामिन रश या दोघांच्याहि मित्रानें मध्यस्थी केली आणि १८१२ च्या पहिल्या दिवशीं ॲडम्सनें पत्र धाडलें. त्यानंतर मरेपर्यंत त्यांच्यांत दीडशेंहून अधिक पत्रें गेलीं-आलीं. जेफर्सन एक लिही तेव्हां ॲडम्स दोन लिही. खऱ्या गुणांचे सरदार कोणते आणि पैशाचे कोणते, यावर ते १८१३ सालीं पोटभर भांडले. मतें कोणींच सोडलीं नाहींत. १८१८ सालीं ॲबिगेल गेली, तेव्हां जेफर्सनचें सांत्वनपर पत्र आलें. १८२० सालीं, वयाच्या पंचाऐंशीव्या वर्षीं, मॅसॅच्युसेट्सच्या घटनापरिषदेंत ॲडम्स सर्व धर्मांच्या लोकांस कायद्याचें समान संरक्षण मिळावें म्हणून झटला आणि हरला. ४ जुलै १८२६, जाहीरनाम्याचा पन्नासावा वाढदिवस. त्या दिवशीं दुपारीं जेफर्सन गेला आणि संध्याकाळीं ॲडम्स.

ही सारी हकीकत सांगण्याचें कारण जुन्या दिवसांचें कौतुक एवढेंच नाहीं. ६ जानेवारी २०२१ रोजीं वॉशिंग्टनच्या संसदभवनांत अध्यक्षीय मतांची मोजणी चालली असतां जमाव आंत घुसला; मोजणी कांहीं तास थांबली आणि त्याच रात्रीं पुन्हां सुरू होऊन दुसऱ्या दिवशीं पहांटे पुरी झाली. पराभूत अध्यक्ष डोनल्ड ट्रंप यांनीं निकाल मान्य केला नव्हता, आणि दोन आठवड्यांनीं झालेल्या शपथविधीस ते गेले नाहींत. १८०१ च्या पहांटेची आठवण तेव्हां पुष्कळांस झाली. दोघेहि शपथविधीस गैरहजर राहिले, हें साम्य खरें. परंतु ॲडम्सनें निकालाविरुद्ध ब्रहि काढला नव्हता. स्थितिरक्षक म्हणविणाऱ्यानें आपली पारख याच ठिकाणीं करून घ्यावी असें मला वाटतें. आपल्या बाजूचा असेपर्यंत कायद्याचें रक्षण कोणीहि करील. तो आपल्याविरुद्ध गेला म्हणजे रक्षकाची किंमत कळते. बॉस्टनच्या न्यायालयांत आणि वॉशिंग्टनच्या त्या पहांटेस ॲडम्स या परीक्षेस उतरला. राजद्रोहाच्या कायद्यावर सही करतांना उतरला नाहीं.

आणि पेनचें काय? ॲडम्सनें उभारलेल्या कुंपणाबाहेर जे राहिले त्यांना पेनचाच शब्द उपयोगी पडला. जोतीरावांनीं पेन वाचला तो योग्यच वाचला. ज्याला घरांत कधीं घेतलेंच नाहीं, त्याला घराच्या खांबांचें कौतुक सांगून काय उपयोग? परंतु दार उघडून सर्व आंत आल्यानंतर छप्पर कोणीतरी सांभाळावें लागतें. तें छप्पर मॅसॅच्युसेट्समध्यें दोनशें चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकलें आहे, आणि त्याखालीं आज ॲबिगेलच्या नातींनाहि मत आहे, क्वॉक वॉकरच्या वंशजांनाहि. ॲडम्सनें हें चिंतलें नव्हतें. पण हें ज्या घटनेंत घडूं शकलें तिचा मसुदा त्याच्याच हातचा होता.